पाडव्याचा ताशा आणि द्राक्षाचा रस

कॉलनीच्या पाण्याच्या टाकीमागे बिअरच्या रिकाम्या बाटल्या सापडल्या आणि त्या आपल्याच दहावी-अकरावीतल्या पोरांच्या आहेत असं कळलं, तेव्हा आम्हा बायकांची तातडीची बैठक बसली. पुरुषमंडळी म्हणाली, "एखादं व्याख्यान ठेवू." मी म्हटलं, "ठेवा, आणि ऐकायलाही तुम्हीच बसा." संध्याकाळी पोरांना करण्यासारखं काही नसतं, हे खरं दुखणं होतं. म्हणून पाडव्याच्या शोभायात्रेसाठी मुलामुलींचं ढोलपथक काढायचं ठरलं. नियम मुलांनीच केला. ज्याच्या तोंडाला दारूचा वास येईल, त्याला त्या वर्षी वाद्य मिळणार नाही. सबब ऐकली जाणार नाही.

वास घ्यायचं काम खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे आलं. काकू घोटीच्या. कोणाच्या घरी डाळ करपली हे जिन्यात उभं राहून सांगणारं त्यांचं नाक! सरावाआधी मुलं रांगेत उभी राहायची आणि काकू एकेकाला म्हणायच्या, "हा कर." लसणीची चटणी, मिसळ, घरी न सांगता खाल्लेली अंडाभुर्जी, सगळं त्या तिथल्या तिथे जाहीर करायच्या. पोरं खिदळायची, पण तोंड उघडायची.

माझी अकरावीतली लेक ताशावर होती. बोटांना फोड आले तरी काड्या खाली ठेवायची नाही. तिला यात्रेत सगळ्यात पुढे वाजवायचं होतं, बाकी जगात दुसरं काही उरलंच नव्हतं. नियमाच्या बाबतीत तर बाईसाहेब फौजदार. सरावाला एकदा एक मुलगा पकडला गेला. "लग्नात मामानंच आग्रह केला," असं तो रडवेला होऊन सांगत होता, तरी हिनं त्याच्या कमरेचा ढोल सोडायला लावला. मीही तोंडसुख घेतलं, "मामानं ग्लास पुढे केला म्हणून काय झालं? नको म्हणता येत नाही?" मुलगा गुणी. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना पाणी वाटायला येऊ लागला.

पाडव्याला पोरांना बाहेरचं रंगीत पाणी नको, म्हणून मी घरी द्राक्षाचा रस करायला घेतला. माझं माहेर वणीकडचं, द्राक्षं पाटीनं येतात. दोन दिवस आधीच रस काढला. फ्रीज श्रीखंडाच्या चक्क्यानं अडवला होता, तेव्हा रसाची बरणी झाकण घट्ट लावून ओट्यावरच ठेवली. ऊन तर असं तापलेलं की भिंतीला हात लावावा तर चटका बसावा. पाडव्याच्या सकाळी झाकण फिरवलं तर फस्स झालं. मला वाटलं, वा, काय ताजा आहे! लेक उपाशीपोटीच निघाली होती, कडुलिंबसुद्धा न खाता. मी दारात ग्लास आडवा धरला. "आधी हे पी." तिनं नाक मुरडलं आणि गटागटा प्यायली.

खाली रांगेत ती पहिली. नऊवारी, फेटा, कमरेला ताशा. काकू म्हणाल्या, "हा कर," आणि एकदम मागे सरकल्या.

"अगं बाई, हिच्या तोंडाला तर वास हाय!"

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. "मी फक्त आईचा रस प्यायले," ती म्हणाली. तेवढ्यात बरणी घेऊन मी जिना उतरले. काकूंनी झाकण उघडून हुंगलं. "रस कसला? लय आंबलंय हे. दारूच झाली नाय का ह्याची!" आणि बरणी सरळ गटारात रिकामी केली. कॉलनीला दारूपासून वाचवणारी बाई घरात दारू गाळते, म्हणून सगळे पोट धरधरून हसले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मुलं म्हणाली, "ताई, तुझी काय चूक? चल, वाजव." मीही विनवलं. लेकीनं पाणी वाटणाऱ्या त्या मुलाकडे पाहिलं, आणि ताशा सोडून मैत्रिणीच्या हातात दिला.

यात्रेत ती शेवटी चालली, त्या मुलाबरोबर बाटल्या वाटत. मी तिच्या मागे. पंचवटीच्या अलीकडे ताशा कडाडला तशी तिची बोटं बाटलीवरच नाचायला लागली, आणि मला जरा हायसं वाटलं.

"आई," ती म्हणाली, "चव बिघडलीय हे मला पहिल्याच घोटाला कळलं होतं."

"मग प्यायलीस कशाला?"

"तू ग्लास पुढे केलास ना. तुला नको कसं म्हणू?"

मी चालता चालता थांबले. मामाला नको म्हणाला नाही म्हणून मी या पोराला केवढं बोलले होते! त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "चुकलं रे माझं." तो लाजून हसला. मग लेकीला म्हणाले, "यापुढे मलासुद्धा नको म्हणायचं. बिनधास्त."

घरी आल्यावर ताटं वाढली. सकाळचा कडुलिंब तसाच राहिला होता, म्हणून गूळ घालून त्याची गोळी केली आणि तिच्यापुढे धरली.

लेक माझ्या डोळ्यांत बघून गोड हसली.

"नको," ती म्हणाली.