दोन मुठी लवंगी

आमच्या घरात तिखट माणसांत मोजतात. सर्वांत खालचं माप मी. जे खाऊन माझं नाक गळायला लागतं ते ‘सुनेचं तिखट’, म्हणजे आजाऱ्याला आणि तान्ह्या मुलाच्या आईला चालेल असं. त्याच्या वर ‘नवऱ्याचं तिखट’: माझ्या नवऱ्याच्या कपाळावर घाम येतो आणि तो पंख्याला शिव्या देतो. त्याहून वर ‘काकूंचं’: शेजारच्या काकू हाय हाय करत मिरचीच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात आणि कालवण दुसऱ्यांदा वाढून घेतात. सर्वांत वर ‘आईंचं’, म्हणजे माझ्या सासूबाईंचं. हे माप आजवर कुठल्याच मिरचीने गाठलेलं नाही. जेवताना सासूबाई पाणी प्यायल्या, असं आमच्या गावात, दातिवऱ्यात, कोणी पाहिलेलं नाही.

यात माझा दोष नाही. माझं माहेर केळव्याचं, नारळ-सुपारीच्या वाडीतलं. आमच्याकडे माशालासुद्धा नारळाच्या दुधात लोळवतात. हिरवी मिरची उभी चिरून कालवणात सोडायची, तिने जरा अंघोळ करायची आणि वाढायच्या आधी बाहेर यायचं, अशी माझ्या आईची पद्धत. तिथून मी लग्न करून आले ती थेट मच्छीमारांच्या घरात. दारासमोर एका बाजूला बोंबील वाळताहेत, दुसऱ्या बाजूला मिरच्या, आणि पहिल्याच दिवशी सासूबाईंनी पुढे केलेल्या वाटीतलं मी जे काही खाल्लं, त्याने मला माझं नाव आठवेना.

चैत्र-वैशाखात सासूबाई वर्षाचा मसाला करतात. आमच्यापुरता नव्हे, दोन्ही नणंदांचा, काकूंचा आणि आळीतल्या आणखी पाच-सहा घरांचा. ब्याडगी, संकेश्वरी आणि गरम मसाला पालघरच्या डंकावर एकत्र कुटून आणायचा. लवंगी मात्र वेगळी कुटायची आणि घरी परातीत मूठ मूठ करून मिसळायची, कारण लवंगी दर वर्षी सारखी तिखट नसते. किती मुठी पडायच्या ते सासूबाई ठरवणार. आणि त्या ठरवत असताना समोर पाटावर मी बसायचं. एक मूठ पडली की गरम पेजेत त्या मसाल्याची चिमूट टाकून मला प्यायला द्यायच्या आणि माझ्याकडे टक लावून बघायच्या. मग दुसरी मूठ, दुसरी वाटी. सातव्या-आठव्या वाटीला मी सुरसुर करायला लागले की त्या मूठ झाडायच्या आणि म्हणायच्या, “बास. झाला.”

अकरा वर्षं मी याला सासुरवास समजत होते. बाकीच्या सासवा सुनेला टोमण्यांनी छळतात, आमच्या चिमटीने छळतात, असं मी माहेरी जाऊन रंगवून सांगायची. माझी आई डोळ्याला पदर लावायची आणि मला गूळ-खोबरं द्यायची.

मी बोईसरला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे चार दशांश स्थळांपर्यंत मोजल्याशिवाय आम्ही कशावरही विश्वास ठेवत नाही. आणि घरी दहा किलो मसाला मुठीच्या भरवशावर! मला हे बघवत नसे. एकदा मी वजनकाटा आणते म्हटलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “आण. बोंबील तोलायला व्हईल.”

यंदा सासूबाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नेमकं मसाल्याच्या दिवसांत आलं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि बजावलं, महिनाभर धूर, धूळ आणि मिरची यांच्या आसपास फिरकायचं नाही. मिरच्या तर वाळून खडखडीत झाल्या होत्या. बरणीचा तळ दिसत होता. पाऊस काही डॉक्टरांना विचारून येत नाही.

“मसाला मी करते,” मी म्हटलं.

“तू?” सासूबाई काळ्या चष्म्यातून अंदाजाने माझ्या दिशेने बघत म्हणाल्या. “तुला तिखट कलतंय तरी का? तुला तं जिराबी झोंबतंय.”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, त्याही न खाता. काकू तिथेच होत्या. त्या लगेच म्हणाल्या, “माज्याकडं द्या, मी लावीन. येक दिवसाचं तं काम हाय.” आणि सासूबाई नाही म्हणाल्या नाहीत.

आता काकूंच्या हाती एकदा मसाला गेला की तो परत येणार नाही, हे उघड होतं. काकूंनी मागच्या वर्षी नेलेलं आमचं पुरणयंत्र अजून परत आलेलं नाही. पण खरी गोष्ट ती नव्हती. अकरा वर्षं ज्या घरात राहिले, त्या घराचा मसाला एकदा तरी माझ्या हातचा असावा, आणि तोही सासूबाईंनी ‘कर’ म्हटल्यावर, असं मला वाटत होतं. ते इतकं वाटत होतं की मलाच लाज वाटली. मग लाज वाटली की मी करते ते केलं: प्रयोग मांडला.

“मला तिखट कळतं की नाही ते रविवारी सिद्ध करते,” मी जाहीर केलं. “सगळ्यांची जीभ तपासू. जिची जीभ खरी, तिचा मसाला.”

सासूबाईंनी फक्त हूं केलं. काकूंनी विचारलं, मासे काय आणणार आहात?

कारखान्यात पॅकिंगला एक बिहारचे सहकारी आहेत. डब्यात भाजी असो-नसो, दहा हिरव्या मिरच्या असतात, आणि त्या ते आपण काकडी खातो तशा खातात. एकदा माझ्या डब्यातली मिरची चावून ते दयेने म्हणाले होते, “मैडम, ये मिर्ची है कि ककड़ी?” बाहेरचा परीक्षक हवाच म्हणून मी त्यांना पापलेटच्या आमिषाने बोलावलं.

प्रयोग साधा होता. पाच मिरच्या: लवंगी, गुंटूर, संकेश्वरी, ब्याडगी, काश्मिरी. प्रत्येकीची सारख्या वजनाची पूड कोमट साखरपाण्यात भिजवून गाळायची. मग ते पाणी पातळ करत जायचं. प्रत्येक पुढच्या पेल्यात मागच्यापेक्षा निम्मं तिखट. ज्या पेल्यापर्यंत तिखट कळेल तिथपर्यंत हात वर. खरं म्हणजे पुडीतलं तिखट पुरतं उतरवायला अल्कोहोल लागतं, पण ते घरात आणायचं म्हटल्यावर नवऱ्याने इतक्या उत्साहाने तयारी दाखवली की मी तो बेत रद्द केला. शास्त्र जरा लंगडं झालं, संसार वाचला. कुठल्या पेल्यात कोणती मिरची हे फक्त नवऱ्याला ठाऊक होतं. तो वही घेऊन असा बसला होता जणू बोर्डाच्या परीक्षेचा केंद्रप्रमुख.

लवंगीने सुरुवात झाली, पण आम्हाला ते माहीत नव्हतं. पहिल्या पेल्याला मला उचकी लागली. काकूंनी मिरचीच्या आजीपर्यंतचा उद्धार केला. बिहारी सहकारी म्हणाले, “हां, थोड़ा-थोड़ा है.” तिसऱ्या पेल्यावर त्यांचा हात खाली आला. “ये तो शरबत हो गया, मैडम.” चौथ्यावर काकू गळाल्या. पाचवा, सहावा, सातवा... माझा हात वरच. नवव्या पेल्यात जिभेच्या टोकाला अगदी हलकं काहीतरी टोचलं आणि मी हात वर ठेवला. पाची मिरच्या झाल्या तेव्हा मी त्या तिखटाच्या क्रमाने लावून दिल्या. नवऱ्याने वहीत बघितलं. एकही चुकली नव्हती.

आणि सासूबाई? त्यांनी लवंगीचा पहिलाच, सर्वांत जहाल पेला एका दमात संपवला, ओठ पुसले आणि म्हणाल्या, “सरबत बरा हाय. लिंबू पिलला नाय का कोनी?”

गुंटूर प्यायल्या. संकेश्वरी प्यायल्या. काश्मिरी प्यायल्या. “पाचय सरबतं येकच हायत,” त्यांनी निकाल दिला.

मला एकदम लख्ख कळलं. आमची मोजपट्टी उलटी होती. अकरा वर्षं ज्या जिभेला मी शून्यावर बसवलं होतं, तीच या घरातली एकमेव चालू जीभ होती. सोनाराच्या काट्याला गोणी पेलत नाही म्हणून तो काही वाईट काटा नसतो. मी खुर्चीवरून जवळजवळ उठलेच. “बघितलंत? कोणाला तिखट कळतं, बघितलंत?”

“अगो बाई,” काकू सासूबाईंकडे वळून म्हणाल्या, “मंग इतकी वर्सं तुमी मसाला कशावर लावीत व्हता? अंदाजपंचे?”

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मी हसले. सासूबाईंनी पेला खाली ठेवला, भिंतीला हात लावत उठल्या आणि आत गेल्या. पापलेट उत्तम झालं होतं, पण त्या जेवायला बाहेर आल्या नाहीत. जिंकल्याचा आनंद मला संध्याकाळपर्यंतसुद्धा पुरला नाही. रात्रीचा भात वाढताना मी त्यांना दोनदा हाक मारली, दोन्हीदा त्या फक्त हूं म्हणाल्या.

सकाळी चहाचा कप हातात घेताना त्या एवढंच म्हणाल्या, “मिरच्या डंकावर दे. तूच लाव.”

पुढच्या रविवारी मसाला कुटून आला. मी स्वयंपाकघरात परात मांडली, नाकाला ओढणी बांधली. सासूबाईंना ओटीवर, खिडकीच्या पलीकडे बसवलं आणि त्या आत येऊ नयेत म्हणून नवऱ्याला दारात पहाऱ्याला ठेवलं. पहिली मूठ टाकली, कालवली, पेजेत चिमूट घालून ओढणी सारून प्यायले. काही नाही. दुसरी. तिसरी.

“काय होतंय?” खिडकीतून आवाज आला.

“काही नाही अजून.”

“मला दिसत नाय तुजं नाक,” सासूबाई म्हणाल्या.

“माझं नाक?”

“मंग मी इतकी वर्सं काय बगत व्हते? माजी जीब तं कवाच गेली. तुजं नाक लाल झालं का समजायचं, बास झालं. पेजेतल्या चिमटीनं तुजं नाक लाल झालं का कालवनातला चमचा सगल्या आलीला पुरतोय.”

मी चौथी मूठ हातात धरून तशीच बसले. अकरा वर्षांचा सासुरवास, माहेरी रंगवून सांगितलेला, आणि मी होते डंकावरच्या काट्यासारखी. मग मला आठवलं की मी येण्याआधीही या घरात मसाला होत होता.

“आणि माझ्या आधी?”

मी चौथी मूठ टाकली, पाचवी टाकली.

“तुजा सासरा,” त्या म्हणाल्या. माझे सासरे माझ्या लग्नाच्या दोन वर्षं आधी गेले. मी त्यांना फोटोतच पाहिलेलं: टक्कल, रुंद छाती, कपाळावर आठी. “येवडा होडीवरचा मानूस, पन तिखट सोसायचा नाय. टकलावर घाम आला का मी मूठ झाडायची. तो गेला आन दोन वर्सं मसाला असा बिगडला, कोनी सांगायला नाय. काकूनं तं तोंडावर फेकला माज्या. मंग तू आलीस. पयल्या दिवशी वाटी खाल्लीस आन तुजं नाक बगितलं, तवाच म्हटलं, चला, मसाल्याचं भागलं.”

मी हसले. सहावी मूठ टाकली, पेज प्यायले. नाक अजून कोरडं होतं. सातवी टाकली.

“दर वर्सी म्हनायचा,” सासूबाई खिडकीपलीकडून म्हणाल्या, “येक वरीस दोन मुठी कमी टाक गो. येक वरीस मला सुकानं जेवू दे. मी म्हनायची, पुडच्या वर्सी. आलीला काय सांगू, नवऱ्यासाठी मसाला पांचट केला? पुडच्या वर्सी, पुडच्या वर्सी. मंग पुडचं वरीसच नाय आलं.”

माझ्या हातात पेजेची वाटी तशीच होती, मी ती ओठाला लावलीही नव्हती. मला रडू आलं. अगदी बावळटासारखं आलं, नाकातून. मी जोरात सुरसुर केली.

“बास!” सासूबाई खिडकीतून ओरडल्या. “झाला! आता मूठ झाड!”

आई, हे मिरचीने नाही, असं सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. प्रयोगशाळेत मी एवढीशी चूक लपवली नसती. पण मी मूठ झाडली, उरलेली लवंगी डब्यात भरली, मसाला बरणीत दाबला आणि वर हिंगाचे खडे ठेवले.

महिन्याने सासूबाईंचा काळा चष्मा सुटला. त्या दिवशी त्यांच्या आवडीचं बोंबलाचं कालवण केलं. नवऱ्याच्या कपाळावर घाम नव्हता. तो पंख्याकडे कौतुकाने बघत होता. काकू वाटी घेऊन आल्या होत्या, त्या म्हणाल्या, “काय गो, आजाऱ्याचा मसाला केलास काय यंदा?” मी मान खाली घालून कालवण-भात खात राहिले.

सासूबाईंनी एक घास खाल्ला. मग माझी हनुवटी धरून माझं तोंड वर केलं आणि नव्या डोळ्याने माझं जेमतेम लालसर झालेलं नाक निरखलं. इतकं जवळून त्यांनी मला कधी बघितलं नव्हतं.

“दोन मुठी कमी हायत,” त्या म्हणाल्या.

डब्यात लवंगी आहे, आत्ता मिसळते, असं मी पुटपुटले आणि उठायला लागले. त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

“र्‍हाव दे. यंदा त्याचं आयकलं समज.”

मग त्यांनी वाटी पुढे केली आणि आणखी कालवण मागितलं.