उजवीकडे ओढणारा ट्रक

मआन गावाबाहेर, अकबा बंदराकडे जाणाऱ्या हमरस्त्याला लागून गॅरेजांची ओळ आहे. त्या ओळीतलं शेवटचं पत्र्याचं शेड मतरूकचं. इंजिनवाल्यांची गॅरेजं अलीकडे. तिथे चहा असतो, गप्पा असतात, आणि बंद पडलेलं इंजिन धडधडून सुरू झालं की ड्रायव्हर मिस्त्रीच्या गळ्यात पडतो. मतरूकच्या गळ्यात कुणी पडलं नाही. त्याचं काम ट्रकच्या पुढच्या अंगाचं. स्टेअरिंग, पाटे, पुढचं चाक ज्याच्यावर वळतं तो किंगपिन, चाकांना जोडणारे दांडे. अवजड काम, काळंकुट्ट, आणि नीट झालं तर कुणाच्या लक्षातही न येणारं. गाडी सरळ चालली तर ती सरळ चालायचीच होती, असं लोक धरून चालतात. वाकडी चालली की मतरूकचं नाव निघतं.

हे काम त्याने हौसेने घेतलं नव्हतं. तरुणपणी तोही ट्रकवर होता. इराकात लढाई चालू होती तोवर अकब्याहून बगदादकडे ट्रकांची रांग तुटत नसे, आणि त्या रांगेत मतरूक आणि हायेल हे दोघे मागेपुढे असायचे. एकाचा टायर फुटला की दुसरा थांबायचा. लढाया संपल्या, ती वाट ओस पडली, मालकाने मतरूकचा ट्रक विकून टाकला. हायेलने स्वतःचा जुना ट्रक घेतला आणि खाणीतलं फॉस्फेट बंदरावर न्यायला लागला. मतरूकची पाठ तेव्हाच कुरकुरायला लागली होती. ओळीत पुढच्या अंगाचं काम करणारा मिस्त्री नव्हता, म्हणून त्याने ते धरलं. ते सुटलंच नाही.

आता साठी उलटून गेली होती. मुलाचं नाव तुर्की, म्हणून लोक मतरूकला अबू तुर्की, तुर्कीचा बाप, म्हणायचे. मुलगा अम्मानला कापडाच्या दुकानात. त्याला ग्रीसचा वाससुद्धा सोसत नसे. मतरूक सकाळी उठायचा तो आधी पलंगाच्या कडेवर बसून राहायचा. बायको वदहा म्हणायची, "उठतोस की मी जॅक लावू?" तो हसायचा नाही. हसायलाही जोर लागतो.

त्या हिवाळ्यात अकब्याच्या वाटेवरच्या नकबच्या घाटमाथ्यावर गारठा असा पडला होता की लोखंडाला हात लावला तर कातडी चिकटावी. अशा दिवसांत हायेल आला. ट्रक शेडसमोर उभा केला, उतरताना दाराला धरून जरा थांबला, आणि तिथूनच ओरडला, "अबू तुर्की! ही रांड मला दरीत घालणार आहे."

"सलाम तरी घाल आधी."

"सलाम. घाट उतरताना उजवीकडे ओढते. हाताला झटका देत नाही, आवाज करत नाही. हळूहळू सरकते, आणि मला कळतं तेव्हा चाक कडेच्या खडीवर असतं. अकब्यातल्या त्या शहाण्याने टायर बदलायला लावले. तरी तेच."

मतरूकने शेडमधून बाहेर यायला वेळ घेतला. आधी त्याने टायरांवरून तळवा फिरवला, बाहेरून आत आणि आतून बाहेर. एका दिशेने रबर गुळगुळीत लागलं, उलट फिरवताना करवतीसारखं बोटांना ओरखडलं. टायर नवे होते, आणि एवढ्यातच असे. म्हणजे चाक सरळ घरंगळत नव्हतं, फरफटत होतं.

"वर चढ. इंजिन चालू ठेव आणि स्टेअरिंग थोडं थोडं हलव. डावं, उजवं. मी सांगेपर्यंत थांबू नकोस."

तो पोत्यावर आडवा होऊन ट्रकखाली गेला. एकेका सांध्यावर हात ठेवून बघत राहिला. सांधा सैल असला की डोळ्याला दिसण्याआधी हाताला कळतं. दांडा हलतो आणि पुढचा भाग जरा उशिराने हलतो, मधल्या उशिराला टक् असा बारीक ठोका लागतो. एकही ठोका लागला नाही. मग जॅक लावला, चाकाखाली पहार घालून चाक उचलून पाहिलं. जरा हललं. हायेलला ब्रेक दाबायला सांगितला, हलणं थांबलं. म्हणजे किंगपिन ठीक, बेअरिंग थोडं आवळायला हवं. पण तेवढ्याने ट्रक असा सरकत नाही.

पाठ आता बोलायला लागली होती. खालूनच त्याने उजव्या बाजूचे पाटे पाहिले. पाट्यांच्या थराला अ‍ॅक्सलवर मधोमध धरून ठेवणारा एक बोल्ट असतो. त्याच्या भोवती चिखलाला नवी चकचकीत भेग होती, बसलेली जागा सोडून कुणी सरकल्यासारखी. मतरूक बाहेर आला, सुतळी काढली, आणि पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत आधी डावीकडे धरली, मग उजवीकडे. उजवीकडे सुतळी सैल पडली.

"बोल्ट तुटलाय," तो म्हणाला. "उजवं चाक मागे सरकलंय. तुझा ट्रक खेकड्यासारखा चालतोय."

हायेलचा चेहरा उजळला. "बघ! आणि फिद्दा म्हणते, तुझंच लक्ष नसतं."

बायकोला खोटं पाडल्याचा आनंद त्याला ट्रकपेक्षा जास्त झाला होता. मतरूकने दोन दिवस खपून पाटे उतरवले, नवा बोल्ट घातला, पाटे आवळून धरणारी कडीही नवी लावली, सुतळीने पुन्हा मापलं. हायेल गेला. मतरूक घरी जाऊन पाठीला गरम विटेचा शेक घेत पडला.

हायेल परत आला तो आठवडाही न उलटता. या वेळी ओरडला नाही. सरळ आत आला, स्टुलावर बसला.

"ओढते अजून."

"शक्य नाही."

"मग मी काय खोटं बोलतोय? काल माझ्यामागे पाण्याचा टँकर होता, त्याने भोंगा वाजवला नसता तर आज तू माझ्या घरी मयताची कॉफी पीत बसला असतास, पुरुषांच्या रांगेत."

मतरूकला त्या क्षणी हायेलचा राग आला, ट्रकचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या गारठलेल्या जमिनीचा, जिच्यावर आता परत आडवं व्हायचं होतं. पण तो गेला खाली. सगळं पुन्हा पाहिलं. बोल्ट जागेवर, कडी घट्ट, सुतळी दोन्हीकडे सारखी. ब्रेक एका बाजूला चिकटतोय का म्हणून चाकांच्या मध्यावर हात ठेवून पाहिला. दोन्हीकडे सारखीच ऊब. त्याला काही सापडेना, आणि सापडत नाही म्हणजे आपणच कुठेतरी चुकतोय, असं त्याला वाटायला लागलं. नजर कमी झाली असेल. बोटं जाड झाली असतील. हे काम कधीतरी सोडायचंच होतं.

"किल्ली दे," तो म्हणाला.

कितीतरी वर्षांनी तो एवढ्या मोठ्या गाडीच्या स्टेअरिंगवर बसला. नकबच्या दिशेने रस्ता मोकळा होता. वेग धरल्यावर त्याने दोन्ही हात स्टेअरिंगवरून बोटभर वर उचलले. ट्रक रेघेवरून हलला नाही. तो ताणलेल्या दोरीसारखा सरळ चालला.

"आता तू चालव," मतरूक म्हणाला आणि शेजारी बसला.

हायेलने गाडी वळवली. परतीच्या वाटेवर मतरूकने रस्त्याकडे पाहिलंच नाही. तो हायेलकडे पाहत होता. उजवा हात स्टेअरिंगवर दगडासारखा. डावा हातही तिथेच, पण बोटं हळूहळू उघडत होती, झोपलेल्या माणसाची उघडतात तशी. डावा हात निसटला की उजव्याचं वजन एकटं उरायचं आणि ट्रक उजवीकडे कलायचा. खडीचा आवाज आला. हायेल दचकला, शिवी हासडली, गाडी आत घेतली.

"पाहिलंस? पाहिलंस ना आता?"

मतरूकने पाहिलं होतं. शेडसमोर उतरताना हायेलच्या डाव्या पायातली चप्पल पुढून घासली गेलेली त्याला दिसली. उजवी धड होती.

मतरूक आत गेला. चहा ओतला, तो गार झाला. शेवटी म्हणाला, "ट्रक चांगला आहे, हायेल."

"म्हणजे?"

"डावा हात पुढे कर. माझं बोट दाब."

हायेलने दाबलं. मतरूकच्या बोटाला जेमतेम स्पर्श कळला. हायेलनेच हात मागे घेतला. त्याचं तोंड पांढरं पडलं, आणि मग लाल झालं.

"हात गारठलाय. तुला चूक सापडत नाही म्हणून आता माझ्यावर ढकलतोस? म्हातारा झालास, मतरूक. हात गेला तो तुझा. आख्खी ओळ हसते तुला, तुला कुणी सांगत नाही एवढंच."

"हसू दे. आपण इस्पितळात जाऊ."

"मी खाणीवर जाणार आहे. माझा नंबर आहे आज. नमाज पढतो आणि निघतो."

तो मशिदीकडे गेला. जाताना डावा पाय किंचित मागे राहत होता. एकदा दिसल्यावर आता तो न दिसणं शक्य नव्हतं.

मतरूकने फिद्दाला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "परवा त्याच्या हातून ताट पडलं. मला वाटलं, रागाने फेकलं. मी दिवसभर बोलले नाही त्याच्याशी." आणि मग, "त्याला जाऊ देऊ नकोस, भाऊ."

जाऊ देऊ नकोस म्हणणं सोपं होतं. हायेल उंचीला मतरूकपेक्षा वीतभर जास्त, आणि हट्टाला हातभर. मतरूकने दोन हातोडे घेतले आणि पोतं ओढून परत ट्रकखाली गेला. स्टेअरिंगच्या पेटीपासून चाकाकडे एक लांब दांडा जातो. तो नसला तर वर कितीही स्टेअरिंग फिरवा, खाली चाकाला खबर नसते. त्याने सांध्याची पिन सरळ करून उपसली, नट सोडला, आणि दोन्ही बाजूंनी एकदम हातोडे मारले. गारठ्याने हात झिणझिणले. पुन्हा मारले. सांधा सुटून खाली पडला, मग दुसऱ्या टोकाचा. आयुष्यभर ज्याने हे सांधे जोडले त्याला आज पहिल्यांदा कुणाची गाडी मोडताना घाम फुटला होता.

हायेल आला तेव्हा मतरूक तेलाच्या पिंपावर बसला होता. दांडा मांडीवर आडवा.

हायेलने दांड्याकडे पाहिलं, ट्रककडे पाहिलं. "बसव तो."

"नाही."

"माझी गाडी आहे."

"आहे. घेऊन जा. ढकलत ने."

"मतरूक, मी तुझ्या बापाची कबर—"

"माझ्या बापाला आपण दोघांनी मिळून पुरलंय. तुला ठाऊक आहे ती कुठे आहे. जा, तिथे जाऊन ओरड."

आजूबाजूच्या गॅरेजांतले लोक दारात येऊन उभे राहिले. हायेलने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्याचा आवाज बसला. तो खाली, सरळ मातीतच बसला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. फिद्दाचा आवाज सगळ्यांना ऐकू जात होता. "मुकाट्याने त्याच्या गाडीत बस. नाहीतर मी येते तिथे, आणि मग ओळीला खरंच हसायला काहीतरी मिळेल."

हायेल मतरूकच्या पिकअपमध्ये बसला. मतरूकने हीटर लावला होता, तो नुसता आवाज करत होता.

डॉक्टर इरबिदकडची तरुण मुलगी होती. तिने यंत्रातून डोक्याची चित्रं काढली, तपासलं, आणि हायेलशेजारी खुर्ची ओढून बसली. डोक्यातली एक बारीक नस तुंबली होती. काही आठवड्यांपूर्वीच, झोपेत असेल. औषधाने, व्यायामाने हात बराचसा परत येईल. पण दुसरा झटका याहून मोठा येऊ शकतो, आणि तो घाटात आला तर... "काका, तुम्ही फार वेळेवर आलात," ती म्हणाली. "गाडी मात्र आता नाही."

"किती दिवस?" हायेलने विचारलं.

ती औषधांची चिठ्ठी लिहायला लागली, आणि त्याला कळलं.

उरलेला सगळा हिवाळा हायेल मतरूकशी बोलला नाही. मतरूक भेटायला गेला की तो भिंतीकडे तोंड करायचा. फिद्दा कॉफी आणून ठेवायची, मतरूक ती प्यायचा, थोडा वेळ बसायचा आणि उठायचा. वदहा म्हणाली, "कशाला जातोस अपमान करून घ्यायला?" तो म्हणाला, "कुठेतरी बसायचंच असतं." मोठा पराक्रम केल्यासारखं त्याला कधीच वाटलं नाही. त्याला वाटायचं, एका माणसाची रोजी आपण हातोड्याने मारून खाली पाडली. तसं करणं बरोबर होतं, यानेही ते वजन हलकं होत नव्हतं. ट्रक शेडशेजारी उभा होता. त्याच्या काचेवर धूळ साचत गेली.

माळावर थोडं हिरवं दिसायला लागल्यावर करक गावचा एक गिऱ्हाईक ट्रक बघायला आला. त्याच्याबरोबर हायेलही आला, काठी टेकत. डावा हात खिशात. मतरूकने दांडा बसवून दिला, गिऱ्हाईकाने चक्कर मारून पाहिली.

"स्टेअरिंग कसं आहे?" त्याने उतरून हायेललाच विचारलं.

हायेलने मतरूककडे न पाहता सांगितलं, "पुढच्या अंगाची काळजी करू नकोस. ते या गाढवाने केलंय."

ट्रक गेला. हायेल रस्त्याच्या कडेला उभा राहिला, तो वळणाआड जाईपर्यंत आणि त्यानंतरही. मतरूक त्याच्याजवळ गेला नाही. फिद्दाने हायेलबरोबर रशूफचं भांडं फडक्यात बांधून दिलं होतं, मसूर आणि दह्याचं, ते त्याने सोडलं, दोन चमचे काढले, पिंपावर कागद अंथरला.

हायेल येऊन बसला.

"मी तुला माफ केलेलं नाही."

"नको करूस. जेव."

रशूफ निवून घट्ट झालं होतं. दोघांनी ते तसंच खाल्लं. बाहेर एक मालाचा ट्रक येऊन थांबला, ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून विचारलं, पुढचं चाक थरथरतंय, बघणार का. मतरूकने हाताने त्याला थांबायची खूण केली. त्याला उठायचा कंटाळा आला होता.