नसीमाचा मुक्काम

शाळेची घंटा व्हायच्या आधीच नसीमाची मुलगी झरमीना व्हरांड्यात येऊन उभी होती. "बाई, आई गेली," एवढंच म्हणाली, स्वच्छ मराठीत. त्याला आता दीड महिना होत आला आणि खरं सांगायचं तर नसीमावरचा माझा राग अजून उतरलेला नाही...

नसीमा काबूलची. तिकडे लढाई पेटली तेव्हा नवरा आणि तान्ही मुलगी यांच्यासोबत ती दिल्लीला आली. दिल्लीच्या बाजारात केळी पाठवणाऱ्या रावेरच्या एका व्यापाऱ्याने तिच्या नवऱ्याला इथे पॅकिंगच्या कामावर आणलं आणि आमच्या मागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड लागलं. "बहार आते ही चले जाएंगे," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. मग दर वर्षी तेच, वसंत आला की काबूलला परत. कपाट घेतलं नाही, गॅसला नंबर लावला नाही. परात माझी, पाटाही माझा. सासूबाई वैतागून म्हणायच्या, "जातीस का ऱ्हातीस, एकदाचं सांग ना व माय."

तेही चाललं असतं. पण झरमीना सात वर्षांची झाली तरी शाळेत नाही. मी म्हटलं, "तू स्वतः काबूलला भूगोल शिकवायचीस ना?" तर म्हणे, "यहाँ नाम लिखवाया तो यहीं की हो जाएगी." शेवटी तिला न विचारता, मी शिकवते त्याच शाळेत मीच पोरीचं नाव घातलं. नसीमा दोन महिने माझ्याशी बोलली नाही. मग एका दुपारी पाटी घेऊन दारात हजर. "बाई, ये ळ कैसे बोलते हैं? लड़की हँसती है मुझपर." 'केळी, केळी' म्हणता म्हणता आम्ही दोघी हसून बेजार झालो...

गेल्या वर्षी तिला धाप लागायला लागली. जळगावच्या डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणायची, काबूलला मावसभाऊ डॉक्टर आहे, त्यालाच दाखवीन. तो भाऊ जिवंत आहे की नाही, हेही तिला ठाऊक नव्हतं. मी भांडले, अबोला धरला, शेवटी रिक्षाच दारात आणून उभी केली. तेव्हा कुठे आली. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात.

परवा झरमीनाबरोबर खोली आवरत होते. पिठाच्या डब्याखाली एक फुलस्केप कागद निघाला. आमच्या मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज, मराठीत, नसीमाच्या अक्षरात. मी नऊ वर्षे भूगोल शिकवला आहे, आपल्या शाळेत शिकवण्याची इच्छा आहे. खाली सही आणि पत्ता रावेरचा. तारीख पाच वर्षांपूर्वीची.

नोकरी मिळाली नसती, ते मलाही कळतं. पण त्याच मुख्याध्यापकांसमोर मी रोज बसत होते. पाच वर्षांत एकदा तरी मला सांगायचं होतंस, नसीमा.