अंगठ्यांनी घालवलेली जागा

लोणखेड्याच्या गुजर घरातला हिलाल एम.बी.बी.एस. झाला आणि शहाद्यात दवाखाना टाकून बसला. त्याला शस्त्रक्रिया शिकायची होती. मोठ्या शहरातल्या इस्पितळात शिकाऊ जागेसाठी त्याने दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा जागा तिथल्याच बड्या डॉक्टरांच्या पोरांना गेली. एकसष्ट साली तिसऱ्यांदा मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा मी, गावचे अर्ज लिहून देणारा त्याचा दोस्त, म्हटलं, आता गावच बोलेल!

आमच्याकडे रस्ता हवा, विहीर हवी, की सरकारकडे गावाच्या अंगठ्यांचा अर्ज जातो. मी तसाच लिहिला: 'सिंधुबाई बाळंतपणात अडली. तापीला पूर, धुळ्याला नेणार कसं? हिलाल डॉक्टरांनी पोट उघडून मायलेकरू वाचवलं.' खाली गावाचे अंगठे घेतले, पहिला सिंधुबाईचा, आणि कागद इस्पितळाला धाडला.

मुलाखतीत इस्पितळाच्या मोठ्या साहेबांनी नेमका तोच कागद उचलला. "शस्त्रक्रियेचं शिक्षण नसताना पोट फाडलंत? अशा माणसाला कसं घ्यायचं?"

"शिकायलाच तर आलोय," हिलाल म्हणाला.

जागा साहेबांच्या पुतण्याला मिळाली. त्याने जन्मात गळूसुद्धा फोडलं नव्हतं, म्हणजे कागद कोरा, माणूस लायक!

परतताना एसटीत मी शिव्यांची लाखोली वाहत होतो. हिलाल म्हणाला, "भाऊ, तुन्हा अर्जमा एक शब्द खोटा नही. पन आते कोणी बाळंतीण अडनी, ते मी काय करू?"



पुढच्या पावसाळ्यात भिकुबाई अडली. तापी तशीच भरलेली. हिलालने हात धुतले आणि मला दाराबाहेर काढत बजावलं, "यंदा अर्ज लिखू नको."