रुपाबाईची पंगत

रिसोड तालुक्यातल्या एका गावात काका-पुतण्यांची यादवी माजली. महाराष्ट्राला यात नवल ते काय, पण इथे खरोखर डोकी फुटली. मारोतराव काका, हरीओम पुतण्या. एकाने ग्रामपंचायतीला कुलूप लावलं की दुसरा ते तोडायचा. या धबडग्यात माळावरच्या वस्तीचं पाणी बंद पडलं ते पडलंच. तिथे बंजारा, आंध आदिवासी, मुसलमान, बौद्ध अशी मोजकी घरं. मतं थोडी, मग कोण विचारतो?

शेवटी वस्तीने आपलं आपण बघायचं ठरवलं. गायरानातली बुजलेली विहीर सगळ्यांनी मिळून उपसली, वस्तीतल्याच शकूरचाचांनी मोटार बसवली आणि कारभार रुपाबाईच्या गळ्यात पडला. ऊस तोडून तिचे गुडघे कामातून गेलेले. नवरा मोहनसिंग दम्याने खाटेला खिळलेला. तिला खरं तर लेकीकडे जाऊन नुसतं पडून राहायचं होतं. पण दुसरं कोणतंच नाव सगळ्यांना चालेना.

तिचे नियम दोनच. विहिरीवर जो आधी येईल तो आधी भरेल, मग तो कोणीही असो. आणि वस्तीत जेवण असलं की पंगत एकच. ऐकायला सोपं आहे. राबवताना बाई पिचून गेली. रोज कोणीतरी रुसलेलं, रोज कोणाच्या तरी दारात जाऊन समजूत घालायची. तरी तीन वर्षं ते राज्य चाललं.

मग दोन्ही गटांची नजर विहिरीवर पडली. आमच्या बाजूने या, नाही तर मोटार उचलतो, असे निरोप दोन्हीकडून यायला लागले. रुपाबाईने भंडारा घातला आणि दोघांनाही बोलावलं.

"दोघायले काहून बोलावतं?" शकूरचाचा म्हणाले. "मारामारी होईन."

"एकाले बोलावलं त दुसरा मोटार नेईन. जेवतीन अन् जातीन."

मारोतरावांनी वेगळं पान मागितलं. "इथं पंगत एकच हाय, दादा. बसा," रुपाबाई म्हणाली. जागा उरली होती ती नेमकी हरीओमशेजारी. दोघं तोंड फिरवून बसले. रोडगे झाले, वांग्याची भाजी आली, आणि पुतण्याचं पान रिकामं दिसताच काका सवयीने बोलून गेले, "पोराले वाढा." हरीओम रडायलाच लागला. एका पंगतीतून उठल्यावर वैर कसलं? रुपाबाईलाही मनापासून बरं वाटलं.

एक झालेल्या ग्रामपंचायतीने पहिला ठराव केला तो गायरानातली विहीर ताब्यात घेण्याचा. सांगायला दोघं जोडीने आले.

"लय केलं तुमी, रुपाबाई," मारोतराव म्हणाले. "आता आराम करा."

हे दोघं भांडत होते तोवरच आपल्याला जागा होती, हे तिला तेव्हा उमगलं. त्यांना जेवायला बसवलं ते आपणच. भांडायला तिच्यात त्राण उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पंचायतीचा माणूस मोटार सुरू करायला आला. तो कोणाला काही बोललाही नाही. पण त्याला बघताच बायकांनी आपापल्या घागरी उचलल्या आणि बंजारा एकीकडे, मुसलमान दुसरीकडे, अशा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या. रुपाबाईच्या पुढे आंधांची मंजू होती. तीही निघाली.

"कुठं चालली वं? तुया नंबर हाय."

"राहू द्या, बाई," मंजू म्हणाली आणि सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.