तरसालीच्या गाडीला तिसरी बॅटरी

“बेन, नवी बॅटरी नाखी दो ने, वात पूरी!” आमचे सर्व्हिस मॅनेजर पटेलसाहेब गुजरातीत म्हणाले. म्हणजे, नवी बॅटरी घाल आणि विषय संपव.

मी मकरपुऱ्यातल्या एका वर्कशॉपमध्ये गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम बघते. समोरची गाडी तरसालीच्या कुलकर्णीकाकूंची. काकू गणिताच्या निवृत्त शिक्षिका. काकांना अर्धांगवायू झाल्यापासून आठवड्यातून तीनदा त्याच त्यांना फिजिओथेरपीला नेत. दीड वर्षात एक बॅटरी बदलून झाली होती, आता दुसरीही बसली होती. वॉरंटी नाकारली गेली. कारण, ‘डीप डिस्चार्ज’. म्हणजे बॅटरी पार रिकामी केलीत, चूक तुमची.

या गाडीचं इंजिन सिग्नलला आपोआप बंद होतं, आपोआप सुरू होतं. तिला साधी बॅटरी चालत नाही. लागते ती महागडी, आणि दर खेपेला आणखी महाग झालेली.

“मुलगा म्हणतो, गाडी विकून टाक, रिक्षानं जा,” काकू म्हणाल्या. “अगं, यांना रिक्षात चढवायचं म्हणजे दोन माणसं लागतात.”

“साहेब, मला दोन दिवस द्या,” मी म्हटलं.

“दोनच. नंतर बॅटरी.”

बॅटरी रात्रभर हळूहळू चार्ज केली. सकाळी लोड टेस्ट घेतली, म्हणजे तिच्यावर जोर देऊन पाहिला. पास! म्हणजे बॅटरी मेलेली नव्हती, कुणीतरी ती पीत होतं. गाडी बंद असतानाही घड्याळ, अलार्म यांना थोडा करंट लागतो. पण गाडी ‘झोपली’ की तो अगदी नगण्य उरायला हवा. मी मीटर जोडून अर्धा तास थांबले. रीडिंग नगण्यच. चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही ठीक.

पटेलसाहेब हसले. “गाडीला काही झालेलं नाही. बॅटरीच खराब.”

मला ते पटेना. वर्कशॉपमध्ये झोपणारी गाडी घरी का झोपत नाही? गाडी काकूंच्या घरी पाठवली आणि दुसऱ्या दिवशी मीटर घेऊन तरसालीला गेले.

पोर्चमध्ये गाडी भिंतीला अगदी खेटून उभी. मीटर जोडलं. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, आकडा खाली येईना. उतरायचा, परत उसळायचा. काकूंनी चहा आणला.

“काकू, गाडीची किल्ली कुठे असते?”

“ही काय, आत, दाराजवळच्या खिळ्याला.”

मी आत जाऊन पाहिलं. भिंतीच्या या बाजूला किल्ली, त्या बाजूला गाडी. मध्ये एक वीट! ही किल्ली बिनतारी. ती जवळ आली की गाडीला वाटतं, मालक आला; गाडी जागी होते. इथे मालक चोवीस तास आलेलाच होता. वर्कशॉपमध्ये किल्ली दूर ऑफिसात टांगलेली, म्हणून तिथे ती झोपली होती.

“काकू, किल्ली मागच्या खोलीत न्या बरं.”

थोड्या वेळात आकडा घसरला, तो तिथेच राहिला. किल्ली परत आणली, उसळला. नेली, पुन्हा घसरला. मी ओरडलेच, “सापडलं!” आतून काकांनी अडखळत विचारलं, “का... काय?” काकू हसत म्हणाल्या, “अहो, आपली गाडी दीड वर्षात झोपलीच नव्हती!”

तीच बॅटरी ठेवली. वर्ष उलटून गेलं, अजून तीच चालते आहे. काकूंनी मुलाला फोन करून गाडी विकणार नसल्याचं ठणकावून सांगितलं. आणि हा उलगडा झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात वर्कशॉपच्या बोर्डावर पटेलसाहेबांची गुजरातीत नोटीस लागली : मीटर लावल्याशिवाय बॅटरी विकायची नाही.

बॅटरी वारंवार बसत असेल तर दुकानात जाण्याआधी गाडी जिथे उभी राहते, ती जागा बघा.