दुप्पट, पण कशाच्या?

कांचन साकेत नगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहते. सरकारी सांख्यिकी खात्यातून निवृत्त झाली. नवरा, श्रीकांत, पक्षाघाताने गेला, तेव्हापासून एकटीच. पण दार कायम उघडं. इंग्रजी पेपरातली टक्केवारी कळली नाही की अख्खी बिल्डिंग कात्रण घेऊन तिच्याकडे धावते. खालचा दुकानदारसुद्धा, "दीदी, ये क्या लिखा है?" करत उभा. आणि ही काय करते, तर आकड्यांची माणसं करते. "आपल्या कॉलनीत हजार माणसं आहेत असं धरा," इथून सुरुवात.

माझा नुसता जळफळाट होतो. इंग्रजीत एम.ए. मी, आणि माझा नवरा विलास बातमी समजून घ्यायला जिना चढणार! परत येतो तेव्हा चेहरा कसा खुललेला. माझ्याशी बोलताना मात्र जांभया.

म्हणून गेल्या आठवड्यात कात्रण मीच आधी वाचलं. विलास ब्लडप्रेशरची जी गोळी घेतो, तिने एका दुर्मिळ आजाराचा धोका शंभर टक्के वाढतो, म्हणजे दुप्पट होतो, असं छापलं होतं. मी सांगितलं आणि त्याने त्याच दिवशी गोळी सोडली. वर न जाता माझं ऐकलं, याचा मला कोण आनंद झाला!

मग त्याचं डोकं जड व्हायला लागलं, चक्कर यायला लागली. काल कांचन भाजीची वाटी द्यायला आली आणि तिने कात्रण पाहिलं.

"दुप्पट, पण कशाच्या? हे बघ, खाली बारीक अक्षरात आहे. हजारात आधी एकाला व्हायचं, आता दोघांना. बाकीचे ठणठणीत. भाऊजी, आधी डॉक्टरांना फोन लावा. गोळी अशी आपल्या मनाने बंद करतात का?"

विलास लगेच उठला. माझं डोकंच फिरलं.

"तुला बरी हजार माणसं दिसतात गं! माझा एकच आहे."

तिने कात्रण खाली ठेवलं. मग म्हणाली, "माझाही एकच होता, शालिनी. अशीच बातमी वाचून त्याने गोळी सोडली. मला विचारलंसुद्धा नाही. मी ऑफिसात जगाला टक्के समजावत बसले होते."

डॉक्टरांनी विलासला फोनवर चांगलं झापलं आणि गोळी घ्यायला सांगितली. कांचनने पाण्याचा ग्लास भरला. तो मी तिच्या हातून घेतला आणि मीच त्याला दिला.